बाईसाहेबची खोड

साल एकोणसत्तर. जनावरांच्या प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते आणि बाईसाहेब आडव्या बांबूपाशी पुन्हा थांबली.

"चल गं, चल," तिच्या खांद्यावर हात ठेवून चाबुकस्वाराची बायको म्हणाली. बाईसाहेब ढिम्म. मानेवर थाप पडली तेव्हा कुठे तिने बांबू अलगद ओलांडला, जसं काही झालंच नाही.

बाईसाहेब म्हणजे तीन वर्षांची खेचर मादी. तबेला मालकाचा, पण शिंगरू असल्यापासून तिला जनावरं शिकवणाऱ्या या नवरा-बायकोनेच वाढवलं. बायकोने तिला मोहरकीची, तोंडावरच्या दोराची सवय लावली, पाय उचलून द्यायला शिकवलं. नवऱ्याने पाठीवर खोगीर घातलं, चाल बसवली. चाल अशी, की स्वाराच्या हातातला भरला पेला हिंदकळू नये. पण गेल्या सात महिन्यांत ही खोड लागली. पायरी, उंबरा, खड्डा, काहीही पुढे आलं की थांबायचं, आणि थाप पडेपर्यंत हलायचं नाही.

प्रदर्शनात तीन बांबू आणि एक पायरी न थांबता ओलांडायची होती. पास झाली तर शहरातली स्वारीची शाळा तिला घेणार होती, आणि सोबत चाबुकस्वारालाही. तिथे सपाट अंगण, तळमजल्यावरची खोली. नापास झाली तर तबेल्याच्या रीतीप्रमाणे खोडीचं जनावर वर्षाच्या मेहनतान्यापोटी शिकवणाऱ्याच्याच गळ्यात पडणार. मग हाती पैसा नाही; राहायला डोंगरावर, बायकोच्या भावाकडे. तिथल्या दगडी वाटेचं नाव निघालं की बायको विषय बदलायची.

"अहो, पहाटे तुम्ही हिला फिरवून आणता, तेव्हाही असंच करते?"

"करते," तो म्हणाला आणि खोकला.

हल्ली तो फार खोकायचा. दारातून आत येताना तर हमखास. डॉक्टरचं नाव काढलं की हसण्यावारी न्यायचा. शिवाय म्हातारपणी शिस्त सुचली होती. खुर्ची, बादली, चपला, सगळं जागच्या जागी. चाळीस वर्षांत ज्याने टॉवेल कधी खुंटीवर टाकला नाही, तो माणूस!

"आता स्वयंपाक तेवढा शिका," ती म्हणायची, "म्हणजे मी सुटले."

एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तो निमूट प्यायला. स्वतःचा कप तोंडाला लावल्यावर तिला कळलं.

"बोलला का नाहीत?"

"तुझं सगळं लक्ष त्या खेचराकडे. कशाला बोलू?"

संध्याकाळी खोलीतलं बटण दाबून ती खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा घेऊन बसायची. टाका न् टाका बोटाने चाचपून तेल लावायची. तो समोर बसायचा. हल्ली त्याच्या पेपरची सळसळ थांबली होती.

"पेपर नाही वाचत?"

"काय वाचायचं? तेच तेच."

त्याने हाय खाल्ली आहे, असं तिने ठरवून टाकलं. सगळा जन्म लोकांची जनावरं शिकवण्यात गेला आणि त्याच्या नावाला कधी कोणी मान दिला नाही. ही शेवटची संधी. प्रदर्शन दोन-तीन दिवसांवर आलं तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा जनावरावर काठी उगारली. लगेच फेकून दिली आणि बाईसाहेबच्या मानेला मिठी मारून रडली. "पाया पडते गं तुझ्या. एकदाच. त्यांच्यासाठी."

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानाच्या दोरीपाशी तोबा गर्दी होती. तबेल्यातला खोगीरवाला तिच्या शेजारी सरकला. "वहिनी, तुम्ही अशा ठेंगण्या. या गर्दीत काय दिसणार तुम्हाला? थांबा, मी सांगतो."

"सांगा. भराभर सांगा."

"आला पहिला बांबू... थांबली हो."

"टाच मारा म्हणावं!"

"टाच कसली मारतोय! मानेवर थोपटतोय. वेडा की काय हा?"

दुसऱ्या बांबूला तेच. तिसऱ्याला तेच. पायरीपाशी तर लोक मोठ्याने हसले. ती दोरी घट्ट धरून उभी राहिली.

"जनावर लाखात एक," परीक्षकाचा आवाज आला, "पण खोड वाईट. नापास."

"घ्या वहिनी, तुमची लाडकी तुम्हालाच," मालक जाता जाता म्हणाला. "बसा आता गोंजारत."

मालकाने पुढच्याच वर्षी तबेला मोडून लाकडाची वखार घातली. खोगीरवाला शहरातल्या शाळेत लागला आणि तिथेच म्हातारा झाला. चाबुकस्वाराने पुन्हा कोणाचंही जनावर शिकवलं नाही; अकरा वर्षांनी तो झोपेतच गेला. बाईसाहेब त्याच्यामागे पंधरा वर्षं जगली. बायकोला रोज झऱ्यावर न्यायची, परत आणायची. त्या वाटेवर बायकोचा पाय एकदाही घसरला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दोघं डोंगर चढत होते. ती खोगिरावर, तो दोर धरून पुढे. एवढ्या चढणीला तो एकदाही खोकला नव्हता. बाईसाहेब पुन्हा थांबली.

"आता कुठे परीक्षक आहे मेला?" ती चिडून म्हणाली. "मारू टाच?"

"नको. थांबली म्हणजे पुढे पायरी आहे. तू उतरून शेजारनं चालशील ना, तेव्हाही थांबेल. पायाने अंदाज घ्यायचा, मग थाप मारायची."

तिने उगारलेली टाच खाली घेतली. "म्हणजे ही खोड..."

"मीच लावली. रोज पहाटे."

"अहो, हातातोंडाशी आलेलं घालवलंत! शाळा, मान, सगळं. का?"

त्याने दोर तिच्या हातात दिला.

"आपल्या खोलीतला बल्ब उडून आठ महिने झाले," तो म्हणाला. "तू अजून एकदाही नवा आणा म्हणाली नाहीस."