शेवटच्या रांगेतला दांडा

वर्षाचा पास काढून दर रविवारी तक्रारी करणाऱ्या त्या गृहस्थांना मनोरंजन उद्यानातले लोक पाठीमागे जावईबापू म्हणत.

सकाळी रोलर कोस्टरची रिकामी चाचणी व्हायची, तेव्हा सगळे सुरक्षा दांडे खाली येऊन सीटला टेकायचे. शेवटच्या रांगेतला डावा तेवढा वीतभर वर अडायचा. जावईबापूंनी सात तक्रारी केल्या. सातही वेळा एकच उत्तर आलं, "दखल घेतली आहे."

"रंग उडालाय, गंज चढलाय, तेलाचा थेंब नाही. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" आज ते चालकावर कडाडले.

"चालतंय ना, साहेब."

"चालतंय? थांबा, बसूनच दाखवतो."

चालकाचा चेहरा पडला. "तिथे नको. पुढे बसा."

"का, कुणासाठी राखून ठेवलीय?"

जावईबापू शेवटच्या रांगेत डावीकडे जाऊन बसले. चालकाने नजर चुकवली आणि बटण दाबलं.

दांडा खाली आला आणि त्यांच्या मांड्यांपासून वीतभर वर अडला.

"बघा!" जावईबापू ओरडले. "एवढ्या फटीतून माणूस घसरून पडेल!"

गाडी हलली. तशी त्यांच्या रिकाम्या मांड्यांवर कसलंसं ओझं किंचित सरकलं, आणि त्यांच्या छातीला पाठ टेकवून कोणीतरी ऐसपैस बसलं.