अक्कांसाठी लादी

मसुऱ्याची शर्मिला सासूच्या, अक्कांच्या खोलीसाठी लादी बघायला तळेऱ्याच्या दुकानात आली. दुकानदार सदानंदने नमुने जमिनीवर मांडले. तिने चपला काढल्या, एकेका लादीवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि स्वतः अनवाणी चालून बघितलं. कोटा, कडप्पा, जैसलमेर, काही म्हणजे काही सोडलं नाही.

"अक्काचा काय सांगू! पंचवीस वर्सां मी सारवलेली जमीन अंगठ्यान खरवडून बघायची. एकदा पण पसंत पडूक नाय," ती हसत म्हणाली.

सून असावी तर अशी, असं सदानंदच्या मनात आलं. त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.

शेवटच्या चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर मात्र तिचा पाय सर्रकन घसरला. सदानंदने दंड धरला म्हणून वाचली.

"म्हणानच सांगतंय वयनी, म्हाताऱ्या माणसाक ही नको. कंबर मोडात."

शर्मिलाने ओले पाय पुसले. शांतपणे चपला घातल्या.



"हीच द्या. अक्काच्या खाटीपासून न्हाणीपर्यंत."