पिटिएबलचं उदाहरण

“पिटिएबल म्हणजे कीव यावी असा,” गजेंद्र सर फळ्यावर लिहीत म्हणाले. “पण हा शब्द कोणाच्या तोंडावर वापरायचा नाही. समोरचा शरमेनं अर्धा होतो.”

“मंग वापराचा कुठी, सर?” मागून दीपकनं विचारलं.

आठवीचा वर्ग खिदळला. सरांना झटपट उदाहरण हवं होतं आणि नेमकी समोर अर्पिता बसली होती, बाकावर निळा डबा ठेवून. ही मुलगी शाळेत मिळणारी खिचडी रोज अर्धीच खायची. बाकीची डब्यात भरायची.

“आता आपली अर्पिता. घरच्यांसाठी खिचडी नेते. म्हणजे तिची स्थिती पिटिएबल.”

एरवी कशालाही हसणारा वर्ग हसला नाही. अर्पितानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आत्ताच सांगितलेला नियम सरांनी स्वतःच मोडला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर त्यांनी तरी बोलू नये. शाळेला अनुदान नव्हतं, सरांना पगार नव्हता. पिंपळगाव राजाहून ते सायकल हाणत यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत पोरांना सांगायचे, आज उपास आहे. आठवड्याचे पाच उपास! कोणाला पत्ता लागू दिला नाही याचाच त्यांना अभिमान. लाल दोरा गुंडाळलेला स्टीलचा डबा तेवढा ते सकाळी घासून स्वयंपाकघरात ठेवायचे. शाळा सुटली की खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताई तो भरून द्यायच्या.

“लय उरली, सर. ढोरायले टाकण्यापरीस न्या.”

सर आढेवेढे घेत न्यायचे.

दुपारी जेवणं झाली. अर्पिता निळा डबा घेऊन उठली तसे सर तिच्या मागोमाग निघाले. पोरीची माफी मागायची, तीही आजच, असं त्यांनी ठरवलं होतं. पण ती फाटकाकडे गेलीच नाही, स्वयंपाकघराकडे वळली. सर दाराबाहेर थबकले.

“आज तरी पोटभर खाचं होतं, माय,” आत सिंधूताई म्हणत होत्या. “एवढं बोलले ना ते तुले, साऱ्यायसमोर.”

“बोलू द्या. तुमी त्यायले सांगू नका फक्त. लाज वाटीन त्यायले.”

आणि तिनं निळा डबा उपडा केला, लाल दोरा गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात.