शून्यावर अंगठा

लोखंडावर नेलपॉलिशची लाल रेघ.

अंगठ्याला चिकटपट्टी.

चावी अर्धी फिरवली की लागणारा रेडिओ.

सगळं गणित येणारा, पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नसलेला कॉम्प्युटर.

मुलीने जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर उपसून वर्तमानपत्रावर ठेवला. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा हा डबा आता थकला होता. नवा खोक्यात तयार होता. काढण्याआधी तिने आईच्या नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या: डबा कसा बसलाय, आतला रोटर कुठे तोंड करून आहे. नवा तस्साच बसवायचा, झालं. ती हात पुसायला वळली.

तेवढ्यात बाबा रोजच्यासारखे बातम्या ऐकायला गाडीत येऊन बसले. चावी अर्धीच फिरवायची असते. उजव्या हाताला ते कळलं नाही. आजारपणापासून त्या हाताला गार, गरम, मऊ, टोचरं, काहीच कळत नव्हतं. इंजिन घरघरून फिरलं.

"बाबा!"

"काय झालं?"

"इंजिन फिरलं! माझ्या खुणा गेल्या कामातून."

"मग आधी बॅटरी सोडवायची नाही का?"

"तुमचा रेडिओ बंद पडला असता ना."

वरच्या खिडकीतून आई म्हणाली, "म्हणजे माझी नेलपॉलिशही फुकट?"

आता मुळापासून शोधायचं. इंजिनच्या पुलीवरची रेघ शेजारच्या शून्याच्या खुणेवर आली की पहिला पिस्टन वर असतो. पण दोन फेऱ्यांत ती दोनदा शून्यावर येते, आणि त्यातली एकच वेळ खरी, आत हवा दाबली जाते ती. गाडीतला कॉम्प्युटर ठिणगीचं पुढचं सगळं बघतो. ही जागा मात्र त्याला माणसाने दाखवावी लागते. पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा धरायचा आणि दुसऱ्याने पान्याने इंजिन फिरवायचं. खऱ्या वेळी हवा अंगठा ढकलते.

"आई, खाली ये जरा!"

"तिला कशाला? मी आहे की." बाबा काठी टेकत समोर आले.

"मग डावा अंगठा लावा."

"डाव्यात काठी आहे. ती तू धरतेस का?"

त्यांनी उजव्या अंगठ्याची चिकटपट्टी दाताने सोलली.

"बाबा, त्या हाताला कळणार आहे का?"

"बघू या ना."

हट्ट नव्हता त्यात. तिच्या लहानपणी घड्याळ उघडताना ते असंच म्हणायचे. मग तिलाही बघावंसं वाटलं.

"पण हवा सुटताना आवाज होतो. तुम्ही कानानेच सांगाल."

"मग रेडिओ मोठा कर."

चावी तिने स्वतः फिरवली. अर्धी. बातम्या गल्लीभर झाल्या; आईने खिडकी लावून घेतली. मुलगी पाना घेऊन गाडीखाली आडवी झाली. पुलीवरची रेघ टॉर्चच्या उजेडात फक्त तिलाच दिसत होती.

तिने पाना ओढला. रेघ सरकत सरकत शून्यावर आली.

बाबा गप्प.

ती थांबली. खालून त्यांच्या चपला दिसत होत्या, आणि काठीचं टोक. हलत नव्हतं काही. "राहू द्या" असं ओरडायला तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा पाना ओढला. आणखी एक फेरी. रेघ शून्यापासून दोन बोटं लांब असताना काठी खाली आपटली.

"आलं! अगं, ढकलतंय मला!"

रेडिओच्याही वर आवाज.

तिने रेघ हळूच शून्यावर नेली. मागच्या खेपेला बाबा गप्प बसले होते, तेही बरोबर होतं.

नवा डिस्ट्रिब्युटर बसला, रोटरचं तोंड पहिल्या प्लगकडे. चावी बाबांनी फिरवली, उजव्या हाताने. गाडी लगेच बोलू लागली.

"सगळं ठीक," ते अंगठा उजेडात धरत म्हणाले, "पण हा एवढा झोंबतोय का?"

सकाळी त्या अंगठ्यावर उकळता चहा सांडला होता, आणि आई धावत येईपर्यंत बाबा शांतपणे पेपर वाचत होते.