घराकडची ओढ

सम्मेदनं पहिल्यांदाच भारीतलं स्विस घड्याळ घेतलं, राजारामपुरीतून, कुणीतरी वापरलेलं.

रोज दिवस मावळायच्या आत त्याचा स्टीलचा पट्टा मनगटावर आवळायचा आणि सम्मेदला दुकानातून घराकडं ओढायचा. तो ताटावर बसला की पट्टा सैल व्हायचा.

"तुमच्या आईबी असंच हाताला धरून जेवायला न्यायच्या की," बायको अपूर्वा हसून म्हणाली. आई गेल्यापासून उजेडी जेवायचा त्याचा जैन नेम मोडला होता. तो पुन्हा सुरू झाला.

आज गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून त्यानं घड्याळ काढून गल्ल्यात ठेवलं. ऊन उतरलं. मोकळ्या मनगटाभोवती मऊ बोटं आवळली.

"आलो की, आई," म्हणत तो लाडानं उठला.

ओढ घराकडं नव्हती, स्मशानाकडं होती.