तसनीमच्या घरची हवा

"उघडू नका म्हणाला होतात, मला आठवतंय. पण बघा तरी, सादियाबाजी." तसनीमने हवा स्वच्छ करणाऱ्या मशीनचं झाकण काढलं. "धुळीचा कण तरी दिसतो का? काल समोरच्या कौसरचंही उघडलं आम्ही. तव्याच्या बुडासारखं काळंकुट्ट. म्हटलं, बाई, झाडू मारायला हात झिजतात का तुझे?"

सादियाने आत पाहिलं. प्लॅस्टिकची विरळ जाळी होती नुसती, तिच्यातून मसूर गळाले असते.

लाहोरच्या ह्या गल्लीत दिवसभर पोलादाच्या भट्ट्यांचा धूर. दम्याची मुलं असलेल्या घरांना मेडिकल कॉलेजने ही मशीनं वाटली होती. निम्म्यांत धूर अडवून स्वतः काळी पडणारी खरी गाळणी, निम्म्यांत नुसता पंखा. मुलांच्या श्वासात फरक पडतो का ते पाहायचं होतं. कुणाकडे काय आहे हे आयांना कळू द्यायचं नव्हतं. श्वास मोजायला घरोघर फिरणाऱ्या सादियालाही कुणी सांगितलं नव्हतं. आज तसनीमनेच दाखवलं, तेही मोठ्या कौतुकाने.

तसनीमच्या लेकीने, अरीबाने, श्वास मोजायच्या नळीत जोर लावून फुंकलं. काटा मागच्या खेपेपेक्षा खालीच राहिला.

"सर्दी आहे तिला," तसनीम लगेच म्हणाली. "एरवी मशीन आल्यापासून पोर कशी शांत झोपते. तो तोंडात मारायचा पंप मी केव्हाच ट्रंकेत टाकलाय."

"पंप बंद करायचा नाही, तसनीम. काढा आधी तो."

"मग हे मशीन कशाला दिलंत?"

सादिया फोन घेऊन अंगणात गेली. कॉलेजच्या डॉक्टरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एका आईला कळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल. सगळ्या मेहनतीवर पाणी. पंप सुरू करायला लावा, बाकीचं मार्चमध्ये पाहणी संपली की बघू." त्यांचं चुकत होतं असंही नाही. हे आकडे नीट आले तरच घरोघरी खरी गाळणी मिळायची होती. तरी सादियाला संताप आला. त्यांचा आला, आणि निमूट 'जी' म्हणणाऱ्या स्वतःचाही.

ती आत आली तेव्हा अरीबा तोंड वाकडं करून पंप ओढत होती. सादियाला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून कौसर आली. कडेवर शालीत गुंडाळलेला तिचा दोन वर्षांचा शाहमीर, काखेत त्याची उशी. पोराच्या छातीची घरघर उंबऱ्यापासून ऐकू येत होती.

"सलाम, बाजी." कौसर ओशाळली. "आमच्याकडची हवा किती घाण, ते मशीनमध्येच दिसलं ना. लाजच वाटली मला. तसनीम म्हणाली, आजपासून ह्याला रात्री इकडेच निजव."

"शेजारधर्म आहे," तसनीम म्हणाली. "माझी हवा काय संपून जाते?"

"नको." सादियाचा आवाज चढला. "कौसर, ह्याला घरी न्या. तुमच्याच घरी झोपवा."

कौसरचे डोळे भरून आले. एवढी का मी घाणेरडी, असं तिला वाटलं असावं.

"तसं नाही हो. तुमचं मशीन काळं झालंय ना, ते..." डॉक्टरसाहेबांचं बोलणं आठवून सादिया थांबली.

"ते आता बाजींनी कशाला सांगायला हवं? साऱ्या गल्लीला ठाऊक आहे." तसनीमने शाहमीरला उचलून घेतलं आणि मशीनच्या अगदी पुढ्यात, अरीबाच्या अंथरुणावर ठेवलं. "आणि तू उंबऱ्यात काय उभी? ये आत, दार लाव. चांगली हवा बाहेर जातेय."