आत्याबाईंच्या हयातीपर्यंत

“पट्टा किती वर्षांचा, हे विचारून उपयोग नाही,” वकील म्हणाले. “म्हातारी जेवते किती, ते विचारा.”

वायरमन आणि त्याची पत्नी एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे खुलासा केला. घर विकणाऱ्याचे होते, परंतु घराखालची जमीन त्याची नव्हती. ती एका बड्या जमीनमालकाने भाडेपट्ट्याने दिलेली होती. असे पट्टे बहुधा ठरावीक वर्षांचे असतात. हा मात्र विकणाऱ्याच्या आत्याच्या हयातीपुरता होता. ती पाळण्यात असतानाच तिच्या वडिलांनी तो करून घेतला होता, कारण घरात सर्वांत अधिक आयुष्य तिचेच शिल्लक होते. ज्या दिवशी आत्या डोळे मिटेल, त्या दिवशी जमीन मालकाकडे परत जाईल आणि जमिनीबरोबर घरही जाईल.

“म्हणून एवढं स्वस्त,” पत्नी म्हणाली.

“म्हणूनच. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण डोळे उघडे ठेवून घ्या.”

वायरमनच्या मनात निराळाच हिशेब चालला होता. दुकानामागच्या एका ओल्या खोलीत त्याची दोन मुले खोकत वाढत होती. मुले मोठी होईपर्यंत म्हातारी जगली, तरी त्याचे कल्याण होणार होते. सबब त्याने घर पाहण्याचे निश्चित केले.

घर हवेशीर होते. वायरमनने सवयीप्रमाणे प्रत्येक बटण दाबून पाहिले. म्हातारी स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. बोटे अशी झरझर चालत होती, की पाहणाऱ्याला तिच्या वयाचा विसर पडावा.

“आत्या, तुला किती वेळा सांगितलं, माणसं आली की बाहेर येऊन बसत जा,” भाचा म्हणाला.

“चुकलं हो. तुम्ही व्हा पुढं, हात धुऊन आलेच.”

पोटच्या पोरासारख्या भाच्याला ती ‘तुम्ही’ म्हणते, हे पाहून पत्नीला फार कौतुक वाटले. जुन्या माणसांची रीतच वेगळी, असे तिने परतताना नवऱ्याला सांगितले.

भाच्याला दूरगावी मुलीकडे राहायला जायचे होते आणि आत्यालाही बरोबर न्यायचे होते. येथे वायरमनने आपली हुशारी दाखवली.

“आत्या इथंच राहतील,” तो म्हणाला. “तिकडे त्यांना सर्दी झाली तरी आम्हाला कळायचं नाही. आम्ही सांभाळू, जिवापाड.”

भाच्याने मान खाली घातली. मग जड आवाजात म्हणाला, “तिची तयारी असेल, तर ठेवा.”

वकिलांनी कसलीही कसर ठेवली नाही. डॉक्टरांकडून म्हातारीचे हृदय, फुप्फुसे आणि रक्त तपासून घेतले. जमीनमालकाची संमती मागितली. मालकाचा नवा कारकून सायकलवरून आला आणि गल्लीत उभा राहिला. तेथे अशी वहिवाट होती, की वर्षातून एकदा आत्याबाईंनी खिडकीत येऊन हात वर करायचा, खालून कारकुनाने तो पाहायचा आणि पट्टा चालू असल्याची नोंद करायची. म्हातारीने हात वर केला. संमती मिळाली. पत्नीच्या अंगावरचे होते नव्हते ते सोने मोडून व्यवहार पूर्ण झाला, आणि भाचा त्याच दुपारी निघून गेला.

त्यानंतर त्या घरात एकच उद्योग उरला. म्हातारीला जिना उतरू द्यायचा नाही, ओल्या फरशीवर पाऊल ठेवू द्यायचे नाही. मुलांनी घरात पळायचे नाही. ती ठसकली, की चौघेही हातातला घास तसाच धरून तिच्याकडे पाहत.

“अरे, गिळा की,” ती म्हणे. “मला ठसका लागलाय, तुम्हाला नव्हे.”

पत्नी तिची वेणी घाली, पाय चेपी, मऊ भात भरवी. आरंभी ते पट्ट्यासाठी होते. पुढे पुढे कशासाठी होते, ते तिचे तिलाही सांगता आले नसते.

थंडीत म्हातारीला ताप भरला. डॉक्टरांनी दाराबाहेर येऊन केवळ मान हलवली. त्याच आठवड्यात सकाळी गल्लीत सायकलची घंटी वाजली. कारकून वार्षिक खात्रीसाठी आला होता.

वायरमनने तिला उचलले. तिचे वजन आता मुलीच्या दप्तराएवढेच भासत होते. त्याने तिला खिडकीशी धरले आणि पत्नीने मागून तिच्या कोपराला आधार दिला. तो कृश हात वर गेला. खाली कारकुनाने पाहिले, मान डोलावली व तो निघून गेला.

तिला पुन्हा अंथरुणावर ठेवताना वायरमनला रडू कोसळले.

“कुणासाठी रडतोस रे? घरासाठी की माझ्यासाठी?”

“खोटं कशाला बोलू, आत्या? दोन्हींसाठी.”

ती हसली. हसण्याचा खोकला झाला. पत्नीने तिला पाणी पाजले आणि पदराने तिचे तोंड पुसले. म्हातारीने तिचा हात धरून ठेवला.

“लेकीसारखं केलंस गं. आता मनात ठेववत नाही.” मग ती वायरमनकडे वळली. “तू अर्धंच रड, बाबा. मी मेले म्हणून तुझं घर जायचं नाही; जायचं ते आधीच गेलंय. आत्याबाई जाऊन पाच वर्षं झाली. मी त्यांची स्वयंपाकीण.”